अ‍ॅक्सल रेलला आपटतोय: जुनी गाडी मागून खाली बसवताना जागा कुठून काढायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मागच्या चाकांवर चालणारी जुनी सेडान, मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे, म्हणजे पानांच्या स्प्रिंगा. बॉडीखाली वेगळी चेसिस नाही, मागचे रेल, म्हणजे बॉडीच्या तळाला लांबीने जाणारे भाग, हे पत्र्याच्याच बंद पेट्या. अ‍ॅक्सल पाट्याच्या वर बसतो, म्हणून दोघांच्या मध्ये ५० मिमीचे ठोकळे घालून तुम्ही गाडी खाली घेतलीत. आधी अ‍ॅक्सल आणि बंप रबर (अ‍ॅक्सल फार वर आला तर त्याला अडवणारा, रेलच्या तळाला लावलेला रबराचा तुकडा) यांच्यात ८५ मिमी मोकळी जागा होती, आता ३५ उरलीय. रबर ६० मिमी उंच आहे. एकटे असताना गाडी बरी चालते, पण मागे दोघं बसली की प्रत्येक खड्ड्याला 'धाड' असा आवाज येतो. तेव्हा रबर काढावं, अर्धं कापावं, की अ‍ॅक्सलच्या वर रेलला अर्धगोल खाच मारावी? आणि मडगार्डची आतली कड वाकवून घ्यावी का?

माझं मत आधी सांगतो. रबर नुसतं काढून टाकू नका (बदलायचंच तर त्याजागी दुसरा, मऊ थांबा हवा), रेलला हात लावू नका, ठोकळा थोडा कमी करा आणि पाटे थोडे कडक करून घ्या. कड वाकवायची की नाही ते मोजल्याशिवाय ठरवू नका. आता यामागचं कारण सविस्तर सांगतो, कारण गाडी तुमची आहे आणि मोजमापं तुम्हालाच घ्यायची आहेत.

आधी तो आवाज. तुमच्यासारख्या गाडीत मागच्या एका चाकाच्या पाट्याचा कडकपणा साधारण दर मिलिमीटरला २ किलो धरू. म्हणजे एका चाकावर २ किलो वजन वाढलं की तो कोपरा १ मिमी बसतो. मागच्या सीटवर प्रत्येकी ७० किलोची दोन माणसं बसली की त्यांचं जवळजवळ सगळं वजन मागच्या अ‍ॅक्सलवर येतं, प्रत्येक चाकाला ७० किलो. भागिले २, म्हणजे ३५ मिमी. तुमच्याकडे शिल्लक होती तीही ३५ मिमीच. माणसं बसल्याबसल्या अ‍ॅक्सल रबराला टेकलेला असतो आणि तिथून पुढे गाडी पाट्यावर चालतच नाही, ती रबरावर चालते. आवाज खड्ड्यामुळे होतो असं वाटतं, पण जागा खड्ड्याच्या आधीच संपलेली असते.

हा २ चा आकडा माझा अंदाज आहे, तुमच्या गाडीचा तुम्ही मोजा. सपाट जमिनीवर गाडी उभी करा, मागचा भाग दोन-तीनदा हाताने दाबून सोडा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उभं अंतर घ्या. मग डिकीत अगदी अ‍ॅक्सलच्या डोक्यावर येईल असं १०० किलो वजन ठेवा, पुन्हा दाबून सोडा, पुन्हा मोजा. प्रत्येक चाकाला ५० किलो आले. अंतर २५ मिमी कमी झालं तर कडकपणा २, वीसच कमी झालं तर अडीच. दाबून सोडणं विसरू नका. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणामुळे गाडी जिथे अडकली तिथेच राहते. न दाबता मोजलं तर एकाच गाडीचे दोन वेळचे आकडे ८-१० मिमीने वेगळे येऊ शकतात. आणि माप जमिनीपासून घेऊ नका, टायर बदलला किंवा हवा कमी झाली की ते बदलतं. चाकाचा मध्य ते मडगार्ड हेच माप टिकाऊ.

आता बंप रबराबद्दल, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. माणसं त्याला अडथळा समजतात. खरं तर ते हद्दीचा दगड आहे. गाडी कितीही खाली घ्या, अ‍ॅक्सल बॉडीच्या दिशेने जास्तीत जास्त कुठपर्यंत जाईल हे रबरच ठरवतं, ठोकळ्याचा त्याच्याशी संबंध नाही. तुमचंच उदाहरण घ्या. मूळ गाडीत अ‍ॅक्सलपासून रेलच्या पत्र्यापर्यंत ८५ अधिक ६०, असे १४५ मिमी होते. कडक रबर जोरात दाबलं गेलं की साधारण निम्मं होतं, म्हणजे ३० मिमी. तेव्हा मूळ गाडीत अ‍ॅक्सल अगदी वर गेला तरी पत्र्यापासून ३० मिमी लांब थांबायचा. आज ठोकळा घातल्यावरही तो तिथेच थांबतो. टायर मडगार्डमध्ये किती वर जातो, सायलेन्सरचा पाइप अ‍ॅक्सलपासून किती लांब राहतो, ब्रेकचा होज कुठे दुमडतो, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा) बॉडीच्या तळातल्या बोगद्याच्या छताला लागतो का, हे सगळं त्या शेवटच्या जागेवर ठरतं. ती जागा गाडी बनवणाऱ्यांनी तपासलेली होती. रबर जागेवर असेपर्यंत ती तपासणी तुमच्या कामी येते.

रबर काढलं की अ‍ॅक्सल त्या हद्दीच्या ३० मिमी पुढे जातो आणि थेट लोखंडावर लोखंड बसतं. त्या ३० मिमीत काय काय येतं हे कोणी तपासलेलं नसतं.

माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. ठोकळे ७५ मिमीचे, दोन्ही रबरं गायब. मालकाची तक्रार आवाजाची नव्हतीच, ब्रेकचं पॅडल हळूहळू मऊ पडतंय ही होती. आधीच्या कारागिराने मास्टर सिलिंडर बदलला होता, तरी फरक नाही. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली आणि दिवा मारला तर डाव्या रेलच्या तळाला रुपयाएवढा भाग आरशासारखा चमकत होता. आजूबाजूला सगळीकडे गंज आणि ग्रीसचा काळा थर, मधे हा लखलखीत ठिपका. अगदी त्याच्याखाली अ‍ॅक्सलच्या नळीवरून ब्रेकचा लोखंडी पाइप जात होता. क्लिपच्या जागी तो चपटा होऊन नखासारखा पातळ झाला होता आणि त्याच्या कडेला तेलाचा ओलसर थेंब. अजून चार-सहा खड्डे गेले असते तर मागचं सर्किट पूर्ण गेलं असतं. रबर काढल्यावर आवाज कमी झाला म्हणून मालक समाधानी होता. आवाज कमी झाला होता, कारण मार आता पाइप खात होता. तेव्हापासून खाली बसवलेली कुठलीही गाडी आली की आधी रेलच्या तळाला असे चमकणारे ठिपके शोधतो. तुम्हीही आज शोधा.

आता जागा कुठून काढायची. मार्ग चार आहेत आणि माझ्या पसंतीचा क्रम हाच: थोडी कमी खाली घ्या, पाटे कडक करा, थांबा (म्हणजे बंप रबर) मऊ करा, आणि सगळ्यात शेवटी, दुसरा उपायच नसेल तर, रेल बदला.

तुम्ही ५० च्या जागी ३८ मिमीचा, म्हणजे दीड इंची ठोकळा घातलात तर पत्र्यापर्यंत १०७ मिमी राहतात. जुनं ६० मिमीचं कडक रबर काढून त्या जागी ४० मिमीचा फोमसारखा पॉलियुरेथेनचा बंप स्टॉप लावा आणि त्याच्या पाठीमागे १५ मिमी जाडीची लोखंडी चकती घाला. चकती कशाला, हे लक्षात घ्या. हा फोम कडक रबरापेक्षा कितीतरी जास्त दबतो; जोराच्या माराला ४० चा १५ होतो असं मी धरतो. चकतीचे १५ आणि दबलेल्या फोमचे १५ मिळून ३० झाले. म्हणजे जुनी हद्द जिथल्या तिथे राहिली, तुमची मापं बरोबर असतील तर मडगार्ड, पाइप, शाफ्ट यांच्याजवळची जागा कुठेही कमी झाली नाही. मोकळी जागा मात्र ३५ वरून ५२ झाली आणि टेकल्यावरही धाड न होता २५ मिमीत हळूहळू अडवणारा फोम मिळाला. मी अशी बसवणी केलेल्या गाड्यांत मागे बसलेल्या माणसाला कधी टेकलं ते कळतही नाही.

पाटे आहेत तसेच ठेवले तर मागे दोघं बसल्यावर ५२ मधले ३५ जाऊन १७ उरतात. हे कमीच. पाटे दर मिमीला २.६ किलोचे करून घेतलेत तर दोघांमुळे गाडी २७ मिमीच बसेल आणि २५ उरतील. माझा स्वतःचा नियम असा की नेहमीचं पूर्ण वजन बसल्यावर थांब्याला टेकण्याआधी किमान २५ मिमी मोकळे हवेत. ५० चाच ठोकळा ठेवायचा हट्ट असेल तर हेच गणित २.६ च्या पाट्यावर १३ देतं. एकट्याने चालवायच्या गाडीला चालून जाईल, कुटुंबाच्या गाडीला नाही. त्या १२ मिमीचा फरक डोळ्यांना फारसा दिसत नाही, कमरेला मात्र रोज कळतो.

पाटे कडक करणं म्हणजे एक जादा पान घालणं, एवढ्यावर भागत नाही. पान वाढलं की गाडी उचलली जाते, मग पुन्हा खाली घेण्यासाठी आणखी मोठा ठोकळा लागतो, आणि आपण जिथे होतो तिथेच येतो. पाट्याचं काम करणाऱ्याला दोन गोष्टी कागदावर लिहून द्या: किती वजनाखाली चाकाचा मध्य मडगार्डपासून किती अंतरावर हवा, आणि कडकपणा किती हवा. कमान किती ठेवायची ते त्याला त्यावरून काढता येतं. पानांची कमान थंड अवस्थेतच दाबून बदलायची. भट्टीत किंवा गॅसने लाल करून पान सरळ करणारे आजही भेटतात. लाल झालेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं, आणि मग पान तिथे एकतर दर महिन्याला बसत जातं किंवा एक दिवस तुटतं. सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीत मुख्य पान तुटलं की अ‍ॅक्सल तिरका होतो, कारण त्याला जागेवर धरून ठेवणारं दुसरं काहीच नसतं.

आणखी एक, जुनी गाडी आहे म्हणून. ठोकळे घालण्याआधी मूळ पाटे किती बसलेले होते ते पाहिलंत का? जुन्या पाट्यांची कमान वयाने उतरते, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखी नाही. डाव्या-उजव्या मापात १० मिमीहून जास्त फरक असेल तर आधी पाटे दुरुस्त करा, मग ठोकळ्याचा विचार. बसलेल्या पाट्यावर ५० चा ठोकळा म्हणजे मूळ उंचीच्या मानाने ७० मिमीही झालेले असू शकतात.

ठोकळ्याच्या बसवणीबद्दल न विचारता सांगतो. ठोकळा लोखंडाचा किंवा चांगल्या अ‍ॅल्युमिनियमचा, एकसंध, खाली सेंटर बोल्टचं (पाट्याची पानं एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं बसेल असा खड्डा आणि वर अ‍ॅक्सलच्या गादीत बसेल अशी खुंटी. एकावर एक दोन ठोकळे कधीच नाहीत. लाकडाचा नाही. पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू बोल्ट त्या उंचीचे, नवे. एकदा ताणून घट्ट केलेला यू बोल्ट पुन्हा वापरला की ताण धरत नाही. ठोकळ्याने अ‍ॅक्सल आणि पाटा यांतलं अंतर वाढतं, त्यामुळे जोरात निघताना किंवा ब्रेक मारताना अ‍ॅक्सल पाट्याला पिळतो आणि ही पिळण्याची तरफ आता लांब झालीय. मी मागच्या ठोकळ्याला ५० मिमीच्या वर जात नाही याचं एक कारण हे.

तुमच्या गाडीत शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं खालचं टोक कुठे आहे ते लिहिलं नाहीत, म्हणून दोन्ही सांगतो. ते पाट्याच्या खालच्या यू बोल्ट प्लेटवर असेल तर उभ्या गाडीत शॉकची लांबी ठोकळ्याने बदललेलीच नाही, कारण पाटा आणि बॉडी यांतलं अंतर पहिल्याइतकंच आहे. फक्त अ‍ॅक्सल वर सरकला. अशा वेळी लहान शॉक विकत घेणं पैसे वाया घालवणं आहे, आणि चाक लोंबताना लहान शॉक आधी ताणला जाऊन फाटेल. शॉक अ‍ॅक्सलच्या नळीवरच लावलेला असेल तर उभ्या गाडीत तो ५० मिमी आत गेलाय. तरी जुनी हद्द कायम आहे तोवर तो तळाला लागणार नाही. हद्द ढकललीत तर लागेल, आणि मग आतला व्हॉल्व्ह आणि वरची माउंटिंग दोन्ही जातील. शॉक पूर्ण दाबून वरच्या डोळ्यापासून (बोल्टच्या भोकापासून) खालच्या डोळ्यापर्यंत माप घ्या आणि अ‍ॅक्सल पूर्ण वर असतानाच्या अंतराशी ताडून पाहा. किमान १० मिमी शिल्लक हवी. पाटे कडक केलेत की शॉकही थोडे जोरदार लागतील, नाहीतर गाडी गतिरोधकावरून उतरल्यावर दोनदा डुलेल.

प्लेटवरूनच आठवलं. ठोकळ्यामुळे पाटा आणि त्याखालची प्लेट जमिनीच्या ५० मिमी जवळ आलेत. अ‍ॅक्सल जमिनीपासून तेवढाच उंच आहे, पाटा मात्र त्याच्याखाली लोंबतोय. एका बाजूच्या रिमच्या तळापासून दुसऱ्या बाजूच्या टायरच्या तळापर्यंत दोरी ताणा, मग बाजू बदलून पुन्हा ताणा. प्लेट, यू बोल्टची टोकं, शॉकचा बोल्ट, यातलं काहीही त्या दोरीच्या खाली येता कामा नये. एक टायर अचानक बसला तर गाडी रिमवर येते, तेव्हा हेच भाग रस्त्यात रुततात. गाडी खाली घेणाऱ्यांत ही दोरी लावून बघणारे फार कमी आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. काम दोन मिनिटांचं आहे.

आता मोजायची खरी पद्धत. हे तुम्ही करा, कारण वर मी जे आकडे मांडले ते तुमच्या मापांवर उभे आहेत आणि मापं चुकीची असली तर सगळंच चुकतं.

बॉडी चार भक्कम घोड्यांवर घ्या, घोड्या रेलच्या मजबूत जागी, अ‍ॅक्सलखाली नाही. पाट्यांची सगळी पानं काढून फक्त मुख्य पान ठेवा आणि तात्पुरत्या सेंटर बोल्टने बसवा. यू बोल्टचे आटे पुरत नसतील तर काढलेल्या पानांच्या जाडीएवढ्या लोखंडी पट्ट्या घाला. एकट्या मुख्य पानात जोर नसतो, त्यामुळे अ‍ॅक्सल साध्या जॅकने अगदी वरपर्यंत नेता येतो आणि पानामुळे तो आपल्या जागेवरही राहतो. सगळे पाटे ठेवून जॅक लावलात तर पाटे दबायच्या आधी बॉडीच घोडीवरून उचलली जाईल. तसं करूच नका.

आता लहान मुलांच्या खेळातली माती घ्या, तीच रंगीत क्ले. लिंबाएवढे गोळे करा आणि जिथे जिथे शंका आहे तिथे चिकटवा: अ‍ॅक्सलच्या नळीवर सायलेन्सरच्या पाइपखाली, डिफरन्शियलच्या (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीच्या) फुगवट्यावर, शाफ्टच्या पुढच्या क्रॉसच्या (टोकाच्या सांध्याच्या) वर बोगद्यात, टायरच्या खांद्यावर मडगार्डच्या कडेसमोर, पेट्रोलच्या टाकीच्या जवळच्या कोपऱ्यावर. चाकं लावलेली ठेवा. दोन्ही बाजू एकदम वर न्या, थांबा पूर्ण दबल्यावर अ‍ॅक्सल जिथे असेल तिथे जॅक थांबवा. इथे एक अडचण येते, जॅकने थांबा पूर्ण दाबता येत नाही. म्हणून तो काढा आणि त्याजागी दबलेल्या उंचीचा, म्हणजे आपल्या हिशोबात ३० मिमीचा, लाकडी ठोकळा ठेवा. फक्त या चाचणीसाठी. मग खाली घ्या आणि प्रत्येक गोळ्याची सगळ्यात पातळ जागा सुरीने कापून मोजा. टायर आणि पत्रा यांत मला १० मिमी हवेत, सायलेन्सर आणि कशाच्याही मध्ये २०, कारण तो रबरी कड्यांवर झुलतो. ब्रेकच्या लोखंडी पाइपजवळ मी १५ च्या खाली जात नाही.

यानंतर एकच बाजू वर न्या, दुसरी खाली लोंबू द्या, पुन्हा गोळे लावून बघा. मग बाजू बदला. वळणावरच्या खड्ड्यात अ‍ॅक्सल तिरका होतो आणि वर गेलेल्या चाकाचा माथा आत झुकतो. सरळ चाचणीत १२ मिमी दिसलेली आतली जागा तिरक्या चाचणीत ४ वर आलेली मी पाहिलीय. आतल्या बाजूला टायर घासला तर तो बाहेरून दिसत नाही, आणि फुटतो तेव्हा आतूनच फुटतो.

हे करतानाच शाफ्टकडे बघा. शाफ्ट साधारण १३०० मिमी लांब असेल तर ५० मिमीने त्याचा उतार २ अंशांहून थोडा जास्त बदलतो. ठोकळा सपाट असेल आणि गिअरबॉक्सचं व डिफरन्शियलचं तोंड एकमेकांना समांतर असेल तर दोन्ही क्रॉसचे कोन सारखेच बदलतात, म्हणून सहसा कंप येत नाही. गाडी ६०-७० च्या वेगाला घुमायला लागली तर अ‍ॅक्सलचा कोन बदलणारी पाचर घालायच्या आधी ती समांतरता मोजा. कोन अगदी शून्यावर आलेलाही चांगला नाही, क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी घासून खड्डे पाडतात. निदान अर्धा-एक अंश हवा.

आणि एक गोष्ट जी मी सगळ्यात गंभीर मानतो. काही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलपासून एक बारीक सळई बॉडीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत जाते. गाडीत सामान भरलं की मागचा भाग खाली बसतो, सळई व्हॉल्व्ह उघडते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. तुम्ही गाडी ५० मिमी खाली घेतलीत की व्हॉल्व्हला वाटतं गाडी भरलेली आहे. मग रिकाम्या गाडीत जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते. तुमच्या गाडीत ही सळई असेल तर ठोकळ्याएवढ्या फरकाने तिचा ब्रॅकेट किंवा लांबी नव्याने जुळवून घ्या, आणि तोपर्यंत पावसात गाडी बाहेर काढू नका.

खाचेबद्दल. वेगळी, जाड लोखंडी चेसिस असलेल्या गाडीत खाच हा प्रामाणिक उपाय आहे. तिथे ती कशी करतात ते सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीत ती का नको हे पटेल. समजा रेल १०० मिमी उंच, ५० रुंद आणि ३ मिमी जाड आहे. अ‍ॅक्सलच्या वर त्यातून ४० मिमी उंचीचं कापलं आणि पुन्हा नीट पेटी करून बंद केलं, तरी ६० मिमी उंचीच्या त्या भागाची वाकण्याविरुद्धची ताकद मूळच्या ४८ टक्के उरते आणि कडकपणा २९ टक्के. म्हणजे चांगलं वेल्डिंग करूनही रेल निम्म्याहून कमजोर. म्हणून खाचेचा तुकडा मूळ रेलपेक्षा जाड पत्र्याचा घेतात, तो कापाच्या दोन्ही बाजूंना निदान रेलच्या उंचीएवढा पुढे नेतात, बाहेरून निमुळत्या टोकांच्या पट्ट्या लावतात, आणि बऱ्याचदा रेलच्या वरच्या बाजूला आतून भर घालतात. खाच गोलच हवी, कारण काटकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो. कापायच्या आधी गाडी तिच्या नेहमीच्या वजनावर समपातळीत उभी करून दोन्ही रेलना आडवे-उभे आधार वेल्डिंगच्या टाक्यांनी जोडतात, नाहीतर काप पूर्ण होताच रेल दोन-तीन मिमी उघडतो आणि तसाच वेल्ड होतो. पेट्रोलची टाकी उतरवलेली, नळ्या काढलेल्या, बॅटरी सोडलेली.

तुमच्या गाडीत रेलचा पत्रा त्याच्या निम्म्या जाडीचा असण्याची शक्यता जास्त आहे. जुन्या बंद पेटीच्या आत इतकी वर्षं ओल साचलेली असते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, आत काय उरलंय ते कापल्यावरच कळतं. बारीक हातोडीने रेल ठोकत जा. आवाज टणक येतो तिथे पत्रा आहे, मंद आणि भरल्यासारखा येतो तिथे गंज किंवा कोणीतरी भरलेली पुट्टी. अशा रेलला ५० मिमीसाठी खाच मारणं मी करत नाही आणि माझ्या हाताखालच्या मुलांनाही करू देत नाही. तुम्हाला लागणारी १५-२० मिमी जागा वर सांगितलेल्या ठोकळा, पाटा आणि थांब्याच्या बदलातून कापल्याशिवाय मिळतेय.

मडगार्डची कड. हद्द तीच ठेवली आणि चाकं-टायर मूळ मापाचे असले तर कड वाकवायचं कारणच नाही. रुंद रिम लावली असेल किंवा रिम बाहेर आली असेल तेव्हाच विचार करा, आणि तोही क्लेचा गोळा १० च्या खाली आला तर. जुन्या गाडीत त्या कडेत आतला आणि बाहेरचा पत्रा ठिपक्यांनी वेल्ड केलेला असतो, मधे वर्षानुवर्षांची माती. हीट गनने रंग हाताला चांगला गरम लागेपर्यंत तापवून, रोलरने चार-पाच फेऱ्यांत थोडीथोडी वाकवा. रंग थंड असताना एका फेरीत वाकवलात तर तो केसासारखा तडकतो आणि पहिल्या पावसात त्यातून गंज बाहेर येतो. ग्राइंडरने कड कापून टाकली की दोन्ही पत्र्यांना जोडणारा सांधाच गेला, मग तो पुन्हा वेल्ड करून सीलर भरावाच लागतो. पुट्टी भरलेली असेल तर आधी ती उघडा; पुट्टी वाकत नाही, निखळते.

तुम्ही शेवटी जाताजाता मित्राच्या गाडीबद्दल विचारलंत, मागे कॉइल स्प्रिंग आहे आणि त्याला एक वेढा कापायचाय. सात कार्यरत वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग सातास सहा या प्रमाणात, म्हणजे सुमारे १७ टक्के कडक होते. तेवढं वाईट नाही. पण कापायचं ते थंड राहील असं, पाणी मारत कटरने, गॅसने कधीच नाही. कापलेलं टोक बसणाऱ्या गादीत नीट बसलं पाहिजे, आणि चाक पूर्ण लोंबल्यावरही स्प्रिंग सैल होऊन जागेवरून हलता कामा नये. हलत असेल तर ती कापायची नव्हतीच. त्याच्या अ‍ॅक्सलला आडवा पॅनहार्ड रॉड (एक टोक अ‍ॅक्सलला, दुसरं बॉडीला) असेल तर गाडी खाली आल्यावर अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. ९०० मिमीचा रॉड मूळ उंचीला आडवा असेल तर ५० मिमी खाली घेतल्यावर जेमतेम दीड मिमी, पण त्यावर आणखी ७५ मिमी वर गेल्यावर जवळजवळ ९ मिमी. क्लेची चाचणी त्यानेही दोन्ही बाजूंना वेगवेगळी करावी.

सगळं बसवून झालं की शॉकच्या दांड्यावर एक केबल टाय हलक्या हाताने घट्ट करा, दांडा झाकलेला असेल तर बंप स्टॉपच्या टोकाला ग्रीसचा ठिपका लावा. मागे दोघांना बसवून तुमच्या नेहमीच्या सगळ्यात खराब रस्त्यावरून एक फेरी मारा. टाय किती सरकला, ग्रीस कुठे लागलं, ते मोजा. शंभर किलोमीटर झाल्यावर यू बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, गाडी चाकांवर उभी असताना. नवीन ठोकळ्यावर ते पहिल्या वेळी हमखास थोडे सैल होतात. आणि तेव्हाच दिवा घेऊन रेलचा तळ बघा. चमकणारा ठिपका दिसला तर मला मापं कळवा, पुढचं तिथून ठरवू.